आबा, हलगी शेकू नका

आबा,

यंदाच्या मिरवणुकीत तुमचीच हलगी वाजणार, असं मंडळानं ठरवलंय. तुम्हाला मात्र बोलावलेलं न्हाय. हे कानावर पडलं की आल्या आल्या हलगी शेकायला बसाल, म्हणून चिठ्ठी हलगीवरच ठेवलीय.

शिमग्याला "आठवण म्हणून" तुमची हलगी टेप केली, ते खोटं होतं. गाणी जुळवायला वाद्यांचे तयार आवाज देणारी सॅम्पल सीडी विकत मिळते, तिच्यात जगातले सगळे ढोल होते, हलगी तेवढी नव्हती. मग तुमच्या वाजवण्याचे बारके तुकडे करून मी कॉम्प्युटरवर गाणं जुळवलं आणि दुप्पट पळवलं. शिरोलीत एका बंद शेडमध्ये शटर पाडून पोरं त्याच्यावर नाचली. तिथनं ते मंडळापर्यंत पोचलं. अध्यक्ष म्हणाले, "आबास्नी कशाला तरास? त्ये हायती की कॉम्प्युटरात. तिथं च्या बी लागत न्हाय." सगळे हसले. मीबी हसलो.

आता तुमच्यासमोर यायचं धाडस न्हाय, म्हणून मावशीकडं बिद्रीला निघालोय. आमटी गरम करून घ्या. मंडळाला द्यायचा अर्ज खाली लिहिलाय, सही तेवढी करा.

"कॉम्प्युटरातील वादकाचे दोन्ही हात अर्जदार गणपतराव यांचे असून, ते खांद्यापासून मूळ मालकास परत मिळावेत, ही नम्र विनंती."