प्रवासाची रंगीत तालीम

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरलेली असल्यामुळे जितकं वाकता आलं तितकं वाकून, उरलेलं तू मनात धर). तुझे गुडघे कसे आहेत? डाव्या कानात नवं यंत्र बसवलंस म्हणे, ते शिट्टी वाजवायचं थांबलं का? इथे आम्ही दोघंही ठीक. म्हणजे तुझी भावजय ठीक आहे आणि मी तिच्या मते ठीक आहे. माझ्या मते मला गेले पंधरा दिवस डाव्या बरगडीखाली काहीतरी होतंय, पण डॉक्टर म्हणतात तिथे काही नसतंच. (जिथे काही नसतंच तिथे दुखतंय, ही जास्त काळजीची गोष्ट नाही का?) असो. फोनच करणार होतो, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला सुचत नाही, मग आपण नुसते हॅलो हॅलो करून दमतो. म्हणून पत्र.

तुझं मागचं पत्र मी सुया-दोऱ्यांच्या खणात ठेवलंय. तो खण दिवसातून सहा वेळा उघडावा लागतो, त्यामुळे पत्रही सहा वेळा वाचून होतं. डॉक्टरांनी तुझा लांबचा प्रवास कायमचा बंद केला, आणि त्याखाली तू एकच ओळ लिहिलीस की आता भेटायचं असेल तर तुलाच यावं लागेल. ताई, बावीस वर्षं तू दर तीन वर्षांनी उठून इकडे येत राहिलीस आणि मी दर वेळी पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणत राहिलो. दाजी गेले तेव्हासुद्धा आलो नाही. विमानाचं दार एकदा लागलं की मध्येच उतरता येत नाही, एवढ्या एका कारणासाठी आलो नाही, आणि तुला कळवलं की ताप आहे. ताप नव्हता. हे आज पहिल्यांदा लिहितोय आणि लिहिताना मान वर होत नाहीये.

पण मला फिरायची हौसच नाही असं मात्र समजू नकोस. अगं, तीस वर्षं बॅगा दुरुस्त करणाऱ्या माणसाला हौस नसेल तर कुणाला असेल? उभं जग माझ्या टेबलावर येतं. फक्त चाक मोडून येतं. बॅगेचं अस्तर उसवलं की आत काय काय निघतं! न वाचता येणाऱ्या लिपीतलं बसचं तिकीट, एकुलता एक मोजा, कुठल्याशा झाडाचं लाल पान. ते मी पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत देतो. कोपऱ्यातली वाळू तेवढी कुणी मागत नाही, ती मी एका बरणीत जमवलीये. जेवणाच्या सुट्टीत ती बरणी हलवून बघतो आणि ही पांढरी कुठली असेल, ही काळी कुठली, असा विचार करत बसतो. आणि वडिलांनी घालून दिलेला नियम अजून पाळतो. दुरुस्त झालेल्या बॅगेत बारा किलोची वजनं भरायची आणि ती ओढत आख्ख्या रस्त्याला फेरी मारायची. दुकानापासून टपाल कचेरीपर्यंत, मग बँकेच्या तीन पायऱ्या वर, तीन खाली, गटाराच्या जाळीवरून परत. कोपऱ्यावर नवीन चष्मेवाला आलाय, त्याला काय माहीत? तो रोज मला बॅग घेऊन जाताना बघतो आणि हात उंचावून प्रवास सुखाचा होवो म्हणतो. पहिल्या दिवशी खरं सांगायचं राहिलं, मग फारच उशीर झाला. परवा त्यानं विचारलं, इतकं फिरता, सगळ्यात आवडलं काय? मी म्हटलं, पायऱ्या.

तर तुझ्या पत्रानंतर तुझ्या भावजयीनं फर्मान काढलं की एवढ्या लांब जायची भीती वाटते ना, मग आधी जवळ जाऊन बघा. गाडीनं दीड तासावरच्या गावाला जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. झाली रंगीत तालीम. मी तयारीला लागलो. काय काय बिघडू शकतं त्याची यादी केली, ती चव्वेचाळीस कलमांवर थांबली (थांबली म्हणजे कागद संपला). पोटाच्या, डोक्याच्या आणि बरगडीच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत घेतल्या. निघताना घराला कुलूप लावलं, तीनदा ओढून बघितलं, अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पुन्हा ओढून बघितलं, तेव्हा आतून तुझ्या भावजयीचा आवाज आला. ती काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. कुलूप उघडून दिलं आणि स्टेशनवर पोचलो. गाडीला अजून दोन तास होते.

बाकावर बसून मी छाती धडधडतेय का ते बघत होतो (धडधडत होती), आणि तेवढ्यात माझ्या मागून एक चाक गेलं. किर्र-टक, किर्र-टक. ताई, तुला म्हणून सांगतो, डोकेदुखी सोसवते पण हा आवाज सोसवत नाही. उजवं मागचं चाक, आसाला काहीतरी गुंडाळलेलं, आणखी दोन दिवसांत पार बसणार. बॅग ओढणाऱ्या बाई साठीच्या, झपाझप चालणाऱ्या. मी अहो बाई, अहो बाई करत मागे गेलो. त्यांना वाटलं मी भामटा आहे, त्या आणखी जोरात चालायला लागल्या, चाक आणखी जोरात किरकिरायला लागलं. त्या गाडीत चढल्या. मीही चढलो. मी म्हटलं, बाई, दोन मिनिटं द्या. खिशात पेचकस आणि तेलाची कुपी असतेच, तसाच गुडघ्यांवर बसलो आणि बॅग आडवी केली. आसाभोवती हातभर दोरा आणि केसांचा पुंजका. तो काढला, तेलाचा थेंब सोडला, चाक बोटानं फिरवलं. लोण्यासारखं फिरलं! मी हसून वर बघितलं तर खिडकीबाहेरून स्टेशन मागे चाललं होतं.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. गाडी माझी नव्हती. ती थेट तीन तासांवर थांबणार होती. माझी बॅग, जेवणाचा डबा, गोळ्यांच्या तिन्ही डब्या आणि चव्वेचाळीस कलमं फलाटाच्या बाकावर! मी इतका पांढरा पडलो की त्या बाईंनी स्वतःची जागा दिली आणि पाणी पाजलं. त्या गावोगाव जाऊन पियानो सुरात लावतात म्हणे. (पुंजका बघता आठ महिने तरी ती बॅग किरकिरत असणार आणि त्यांना ऐकू आली नव्हती. मी काही बोललो नाही, पाणी त्यांचं होतं.) तिकीट तपासनीसाला त्यांनीच सगळं समजावलं. तो म्हणाला, चुकून चढणारे रोज भेटतात, पण चाकामागे चढलेला हा पहिलाच.

परतीच्या गाडीला चार तास होते. एवढा वेळ अनोळखी गावात करायचं काय? पहिला अर्धा तास मी स्टेशनच्या दारात खांबाला टेकून उभा होतो. मग उभं राहूनच बरगडी दुखायला लागली म्हणून चाललो, आणि पाय गेले कुठे, तर बॅगांच्या दुकानात. अरुंद दुकान, काउंटरमागे एक जाडजूड कारागीर, चष्मा कपाळावर. त्याच्यापुढे चेन बिघडलेली बॅग होती, रनर तुटलेला. मी मनात म्हटलं, आता हा आख्खी चेन उसवणार, मला दोन तास करमणूक. त्यानं काय केलं असेल? चेनच्या खालच्या टोकाला फक्त दोन टाके कापले, नवा रनर तिथून चढवला, दोन टाके घातले. संपलं! चार मिनिटं! ताई, मी तीस वर्षं आख्खी चेन उसवतोय. वडील उसवायचे म्हणून उसवतोय. दुसरा मार्गच नाही असं गिऱ्हाइकांना रागावून सांगतोय. आधी मला इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. मग हसूच फुटलं. त्या कारागिरानं विचारलं काय झालं, मी खरं ते सांगितलं. मग आम्ही दोघं हसलो.

मी त्याला आपली फेरी सांगितली. बॅग ओढून बघायचं त्याला आयुष्यात सुचलं नव्हतं. लगेच वजनं भरली आणि आम्ही दोन म्हातारे एक बॅग आळीपाळीनं ओढत त्याच्या गावातून निघालो, पार नदीपर्यंत. पुलावर त्यानं मला विचारलं, तुमच्याकडे नदी आहे का? मी म्हटलं आहे, आणि माझ्या लक्षात आलं की मी ती शेवटची कधी बघितली तेच आठवत नाही. आणि खरं सांगतो, त्या चार तासांत छाती धडधडतेय का ते बघायचंच राहून गेलं. माणसानं जग का बघावं, तर आपण जिथे एकच वाट आहे म्हणून अडून बसतो तिथे दुसऱ्या गावात कुणीतरी दोन टाक्यांत काम उरकून चहा पीत बसलेला असतो, आणि तो आपल्या घरी येऊन सांगत नाही. आपल्यालाच जावं लागतं. हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं याचं वाईट वाटतं.

परत आलो तर माझी बॅग सापडली. हरवलेल्या सामानाच्या खिडकीत कारकुनानं ती उघडून यादी वाचून काढली होती, सहकाऱ्यांनाही वाचून दाखवली असणार, कारण मी दिसताच चौघंही गोळा झाले. एकोणतिसावं कलम होतं, बॅग हरवली तर. त्यापुढे त्यानं लाल पेननं लिहिलं होतं, सापडली, आणि खाली सही-शिक्का.

पण ताई, तो तीन तासांचा प्रवास होता, आणि जमिनीवरून. तुझ्याकडे यायला दोन विमानं आणि सव्वा दिवस. मध्ये समुद्र. शिवाय दुकान, शिवाय कंबर, शिवाय ही बरगडी. सगळ्या बाजूंनी विचार करता यंदा जमेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षी मात्र नक्की. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि तब्येतीला जप.

तुझा नेहमीचाच,
ससोबा

ता. क. तुझ्याकडच्या विमानतळावर सरकते जिने आहेत की साध्या पायऱ्या? सहज विचारतोय.

ता. क. दुसरा. खरं काम लिहायचं राहिलंच. शाळेच्या पहिल्या दिवशी मी फाटकाचे गज धरून बसलो होतो, तेव्हा तू माझी बोटं एकेक करून सोडवली होतीस आणि रागावून आत ढकललं होतंस, आठवतं? तसं एक खरमरीत पत्र पाठव. मुकाट्यानं ये, एवढंच लिही, पण मोठ्या अक्षरांत. ते हातात असलं तर मी विमानाच्या दारातून आत जाईन असं मला वाटतं. ताई, मला तुला बघायचंय गं.

ता. क. तिसरा. तुझ्या भावजयीनं हे सगळं वाचलं (ती सगळं वाचते) आणि बोटांवर दिवस मोजून दाखवले. हे पत्र तुला मिळायला बारा दिवस, तुझं मला मिळायला आणखी बारा, आणि तिकीट आहे सोळाव्या दिवसाचं. (तिकीट काढलंय हे वर सांगायचं राहिलं. तिनं नाही, मीच काढलं, मंगळवारी, आणि घरी येऊन संध्याकाळपर्यंत आडवा पडलो.) म्हणजे तुझं पत्र येईपर्यंत मी इथे नसेन. तेव्हा आता उत्तर लिहीत बसू नकोस. दारात उभी राहा, आणि काय रागवायचं ते तोंडीच रागाव.