खालच्या वाडीची मोजणी

चि. ग्यूतेक यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझा रक्तदाब आटोक्यात असेल आणि सूनबाई जेवणात मीठ कमी घालत असेल अशी आशा करते. (घालत नसेल तर कळव, मी फोन करते.) मी ठणठणीत आहे.

विद्यापीठाच्या सोनबाई तुला ठाऊक आहेत. म्हाताऱ्यांनी आपल्याच घरात, आपल्याच पायांवर राहावं म्हणून त्यांना संशोधनाचा सरकारी निधी मिळाला. दोन वर्षं त्या आम्हा वरच्या वाडीला आठवड्यातून दोनदा कसरत शिकवतात, न्हाणीघरात धरायला दांड्या लावून देतात, घरी येऊन तपासतात. खालच्या वाडीला यातलं काही नाही. त्यांचं फक्त उठणं-चालणं मोजायचं, म्हणजे शिकवल्याने फरक पडतो का ते दिसेल. माझ्या लेकाने, दोक्सूने मला इथे एकटीला राहू दिलंय ते याच भेटींच्या भरवशावर. नाहीतर शहरातल्या वृद्धाश्रमात त्याने खोली बघून ठेवलीच आहे. (खिडकीतून पार्किंग दिसतं म्हणे.)

आता आमची चूक सांगते. थंडीच्या तोंडावर कोबीची किमची मुरत घालायला दोन्ही वाड्या एकत्र बसल्या. तीनशे कोबी. कांगजिनकरणीला (कांगजिनहून खालच्या वाडीत सून म्हणून आलेली, आता चौऱ्याऐंशीची, जीभ मात्र तरुण) बसल्या जागेवरून उठवेना. आम्ही टणाटण उठलो तशी म्हणाली, "तुम्ही सरकारच्या सख्ख्या लेकी. आम्ही सावत्र, बसतो कोबी खारवत." हे ऐकून कोण गप्प राहील? इथे एक रताळं भाजलं तरी अर्धं शेजारी जातं. मग कसरत तेवढी एकटीने कशी करायची? मी तिला जमिनीवरून उठायला शिकवलं. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग आकडे मोजत उभं. बाकीच्यांनी बाकीच्यांना शिकवलं. महिन्याभरात खालच्या न्हाणीघरांतून लाकडी दांड्याही लागल्या.

परवा मोजणी झाली. दोन वाड्यांत फरक शून्य. (खरं तर खालच्या वाडीचं थोडं जास्तच, त्यांना रोजचा चढ आहे.) सोनबाई पांढऱ्याफटक पडल्या. शुक्रवारी निधी देणारी समिती येते. फरक नाही तर निधी नाही, निधी नाही तर सोनबाई नाहीत, आणि मग मी पार्किंग बघत बसणार. आम्ही खालच्यांना म्हटलं, समितीपुढे जरा लंगडा. कांगजिनकरीण उसळली, "तुमच्यासमोर लंगडू? सरणावरसुद्धा ताठ चालत जाईन!" सोनबाईंनी ते ऐकलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ओरडल्या, "आजी, कोणीही लंगडायचं नाही! झालं तेच मी लिहिणार. फक्त शिकवलेलं हातोहात पसरलं आणि उपयोगी पडलं, असं दाखवायला एक तरी उदाहरण हवं." तेव्हापासून मला घास उतरत नाही.

तब्येतीला जप.

तुझी ताई,
जॉमरे

ता. क. दोक्सू तुला फोन करेल. मामा म्हणून खोदून विचारेल. ताई कधी पडलेली नाही, असं ठासून सांग. गेल्या महिन्यात अंगणात बर्फावर पडले होते. सोनबाईंचा वार नव्हता. कांगजिनकरणीने मला उचललं नाही. शेजारी बसून आकडे मोजले, चुकले तिथे शिव्या दिल्या, आणि मी उठले. सोनबाईंना हवं ते उदाहरण हेच. पण ते बाहेर पडलं की दोक्सूच्या कानावर जाणार.

आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी सोनबाईंना जाऊन सांगून आले. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मग हळूच विचारलं, "आजी, नाव घालू?" म्हटलं, घाला. तेव्हा आता खोटं बोलू नकोस. दोक्सूला नुसता बोलण्यात अडकवून ठेव. शुक्रवारपर्यंत.