कोरी ठेवलेली जागा

९ ऑक्टोबर, दुपार

चिमणे,

अनेक आशीर्वाद. मागच्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही, म्हणजे तू मजेत आहेस असं मी धरून चालले आहे.

इकडे ठीक. चित्रांचा वर्ग बंद केला. हात थरथरतो. रंगात पांढरी नक्षी उमटावी म्हणून ओल्या रंगावर मीठ पेरायला गेले की चिमूटभर कागदावर आणि मूठभर जमिनीवर. मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या, मीही हसायचे. मग एकेकीने यायचं बंद केलं.

खोली आवरताना आपलं नदीचं मोठं चित्र सापडलं. सापडलं कसलं, समोरच्या भिंतीवरच होतं. रोज बघत होते.

रंग धरू नये म्हणून कागदावर मेणबत्ती घासून तू पाण्यावरची चमक राखलीस, मी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून काठावरची घरं केली. नावेत तू आईला रंगवणार होतीस. तेवढी जागा कोरी राहावी म्हणून तिथे रबरी डिंक लावलास आणि दहादा बजावलंस, "ताई, दोन दिवसांत काढायचा हं, नाहीतर कागदाला धरून बसतो."

दुसऱ्याच दिवशी तुला कळलं, की आपलं आधीचं चित्र मी प्रदर्शनात एकटीच्या नावावर लावलंय. तू जाब विचारलास. मी म्हणाले, "तू काय, नुसती मीठ टाकायला होतीस." तू ब्रश धुऊन ठेवलेस आणि गेलीस.

नऊ वर्षं डिंक तसाच ठेवला. तू येशील, तूच काढशील, असं वाटायचं. मी काढला असता तर तू येणार नाहीस हे कबूल करावं लागलं असतं.

काल काढायला बसले. पिवळा पडून कडक झाला होता. हात सांभाळत बोटाने चोळत राहिले. डिंकाबरोबर कागदाचा पापुद्राच निघून आला. आता तिथे रंग टिकणार नाही, नुसता पसरेल. आई त्या नावेत कधीच बसणार नाही.

मी खोटं बोलले होते गं. मीठ कुठे, किती आणि केव्हा, हे फक्त तुझ्या हाताला कळायचं. तेव्हाच म्हणायला हवं होतं. आता म्हणून काही उपयोग नाही, मला कळतं. तरी चित्राखाली तुझं नाव घातलं आहे, माझ्या आधी. अक्षर वाकडं आलंय.

तो पापुद्रा पाकिटात ठेवला आहे. फेकून दिलास तरी चालेल.

तुझी जागा राखता न आलेली,
ताई