साखरपुड्याच्या फोटोला तुझीच साडी

प्रिय अक्का,

तू गेलीस तेव्हा सगळ्यांनी तुझ्याबद्दल गोड गोड बोलून घेतलं. मी दीड वर्ष तोंड मिटून बसले. आज लिहायला बसले, कारण आज कंधारच्या किल्ल्यात माझ्या साखरपुड्याआधीचे फोटो काढले आणि त्या फोटोत मी कुठंच नाही. तूच आहेस सगळीकडं. माझं लग्न कुणाशी ठरलंय ते तुला वेगळं सांगायला नको. तुझ्याच नवऱ्याशी. तूच तर ठरवून गेलीस!

लहानपणापासून मी तुझं उतरलेलंच घालत आले. फ्रॉक तुझे, शाळेचा गणवेश तुझा, स्वेटर तुझा. पुस्तकंसुद्धा तुझी, आणि त्यातली गणितं तू पेनानं सोडवून ठेवलेली, तीही चुकीची. आई म्हणायची, "धाकटीला नवं कशाला? मोठीचं चांगलं हाय की अजून." आता नवराही मोठीचाच. चांगला हाय की अजून! हसू नकोस अक्का. तू हसत असणार हे मला माहीत आहे.

डेंग्यूनं तू नांदेडच्या दवाखान्यात पडलीस. त्या दिवशी तू म्हणालीस, "रेणू, नारळपाणी आण गं, तोंड कडू पडलंय." मी धावत खाली गेले. वर आले तर आई पदर तोंडाला लावून बसलेली, तुझ्या सासूबाई तुझे पाय चेपत होत्या आणि दाजी खिडकीकडं तोंड करून उभे. कुणी मला काही बोललं नाही. तू नारळपाणी दोन घोट पिऊन ठेवून दिलंस. तुझ्या दहाव्यानंतर मला कळलं तू काय सांगितलं होतंस ते. "माझ्या ओवीला परक्या बाईच्या हातात देऊ नका. रेणूला करा तिथं."

रेणूला करा! म्हणजे काय गं? मी काय वांग्याची भाजी आहे, आज हिच्या घरी करा, उद्या तिच्या घरी करा? दहा मिनिटं थांबली असतीस तर मी वर आलेच होते. समोर उभी होते. तोंडावर विचारायला तुझी जीभ का वळली नाही? का मला मुद्दामच खाली पाठवलंस?

आणि ओवीचं काय केलं यांनी, ते ऐक. तुझ्या सासूबाईंनी तिला सांगितलं, आई पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलीय, बरी झाली की येणार. तीन वर्षांचं लेकरू, खरं वाटलं तिला. दारात रिक्षा थांबली की पळत जायची. दीड वर्ष पळत होती अक्का. मी म्हटलं, खरं सांगा तिला. तर म्हणाल्या, "लहान हाय, इसरून जाईल. एकदा तू आली घरात की आई आलीच समज." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. ती पद्धत नव्हती, तो बेत होता.

साडीच्या दुकानात गेलो मागच्या महिन्यात. मी, आई आणि तुझ्या सासूबाई. बिजवराच्या लग्नात आधी पहिलीची साडी घ्यायची, मग दुसरीची, हे तुलाही ठाऊक आहे. दुकानदारानं गादीवर बसवलं आणि विचारलं, "नवरी कोन?" सासूबाई म्हणाल्या, "आधी तिच्यासाठी काढा. मोरपंखी दाखवा, तिला लई आवडायचा." त्यानं आपलं दहा साड्या उलगडून टाकल्या आणि म्हणाला, "त्यांना बोलवून घ्या ना बाई. पदर लावून बघितल्याबिगर रंग कळत न्हाई." आई रडायला लागली. तो बिचारा कावराबावरा झाला. मग सासूबाई मला म्हणाल्या, "तू उभी ऱ्हा गं. उंची दोघीची सारखीच हाय."

मी उभी राहिले. तुझ्या मानाची साडी माझ्या खांद्यावर टाकून तासभर बघितली दोघींनी. तुझ्या रंगाला कशी दिसली असती, याच्यावर चर्चा. माझ्या रंगाला कशी दिसते हे कुणी पाहिलंच नाही. ती साडी तुझ्या फोटोपुढं ठेवून, ओटी भरून एका सवाष्णीला द्यायची होती. तुझं आवरल्यावर माझी पाळी. तोवर दोघी दमलेल्या. मी स्वतःच डाळिंबी नारायणपेठ उचलली. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी दुकानातून घरी आलेली साडी! लाज वाटते सांगायला, पण मी त्या दिवशी खूश होते. घरी येऊन आरशापुढं तीन वेळा अंगावर धरली.

ब्लाऊज शिवायला आईनं टाकलं. मापाला जुनं ब्लाऊज द्यायचं होतं. आईनं कपाट उघडलं आणि तुझं दिलं. माझं नाही, तुझं! मी भांडले तर म्हणाली, "ध्यानातच आलं न्हाई गं. हात तिकडंच गेला." ओवीच्या वेळी तू चांगली अंगानं भरली होतीस आणि मी अशी काडी. आज सकाळी घालून बघितलं तर गळा खांद्यावरून खाली घसरतोय. दोन्ही बगलांत मूठ मूठ कापड जास्त.

तेवढ्यात तुझ्या सासरहून, लोह्याहून, जीप आली. सासूबाई उतरल्या त्या हातात पिशवी घेऊनच. पिशवीत तुझ्या साखरपुड्याची अबोली साडी आणि तिच्यावरचं ब्लाऊज. "फोटोपुरती हीच नेस. भिंतीवरच्या फोटोत तिची आई हिच्यातच हाय. लेकराला बरं वाटंल."

मी म्हटलं, "माझी साडी आहे. मी पिना लावून नेसते."

"ती बी सैल, ही बी सैल. पिना लावायच्याच हायत तर हिलाच लाव की!"

मी दाजींकडं पाहिलं. ते जीपच्या टायरकडं बघत होते. शाळेत साठ पोरांना गप करणारा माणूस स्वतःच्या आईपुढं असा गप होतो. आपली आई म्हणाली, "नेस माय. एवढ्यानं काय झिजतीस काय?" मग मी नेसले. माझी डाळिंबी घडी तशीच खाटेवर राहिली. तुझी साडी मला चांगली दिसत होती, हे ऐकून तुला राग येईल. येऊ दे.

किल्ल्यात फोटोवाला म्हणाला, "वहिनी, जरा हसा की. सर, तुम्ही वहिनींकडं बघा." दाजींनी मान वर केली आणि त्यांचे डोळे भरून आले. फोटोवाला खूश! "असंच ऱ्हाऊ द्या, लई नॅचरल येऊन राहिलंय." ते माझ्याकडं बघतच नव्हते. पदराचे काठ बघत होते. अक्का, त्या क्षणी तू समोर असतीस ना, तर मी तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या.

मग फोटोवाल्यानं मला एकटीला कमानीखाली पाठमोरं उभं केलं. ओवी जीपमध्ये झोपली होती, ती उठून आली. मागून हाक आली, "आई!" पावलांचा आवाज आला आणि माझ्या पायांना मिठी पडली. "आई, तू आलीस? तू बरी झालीस?"

सासूबाई तिकडून ओरडल्या, "बघा, वळखलं लेकरानं! घे गं, कडेवर घे!" आईनं हात जोडले. मला कळलं की मी आता हिला नुसतं उचलून घेतलं तर संपलं. तूही संपलीस आणि मीही.

मी वळले. तिनं माझं तोंड पाहिलं आणि हात सोडले. मी खाली बसले आणि म्हणाले, "ओवी, मी रेणूमावशी आहे. तुझी आई मेली. ती पुण्याला नाही. ती आता कधीच येणार नाही."

असंच म्हणाले. देवाघरी वगैरे नाही. ती जी रडायला लागली! सासूबाई म्हणाल्या, "बाई हायस का कसाई?" आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. फोटोवाल्यानं कॅमेरा बॅगेत घातला. मीही रडत होते, पण शब्द परत घेतला नाही. मी क्रूर आहे म्हणतेस? असेन. दीड वर्ष लेकराला रिक्षामागं पळवणारे काय मायाळू होते?

परत येताना जीपमध्ये ओवी आजीच्या मांडीवरून उतरली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. "मावशी, मेली म्हणजे काय?" मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "तिला दुखलं का?" मी म्हटलं, हो, दुखलं. "ती माझ्यावर चिडून गेली का?" नाही, अजिबात नाही. आपलं घर येईस्तोवर तिचे प्रश्न संपत नव्हते. तिला उत्तर देणारं त्या गाडीत दुसरं कुणीच नव्हतं.

उतरताना मी दाजींना सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या मापाचं ब्लाऊज शिवून होऊ द्या, माझ्या साडीत पुन्हा फोटो काढा, आणि मला ओवी मावशीच म्हणेल. जमत असेल तर साखरपुडा, नाही तर राम राम. सासूबाई काही बोलणार तेवढ्यात दाजी म्हणाले, "आई, तू गप ऱ्हा." मग माझ्याकडं, माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "हाव. जमतंय." पहिल्यांदाच काहीतरी बोलला गं तुझा नवरा.

तर ऐक, शब्द देते. ओवीला मी मला कधीच आई म्हणू देणार नाही. ती हाक तुझी, तुझीच राहील. तू कशी होतीस ते सगळं सांगेन तिला. देखणी होतीस, गाणं छान म्हणायचीस, आणि पक्की आपमतलबी होतीस, हेही. मोठी होऊन ती विचारेल, मावशी, तू या घरात कशी आलीस? तेव्हाही खोटं बोलणार नाही. तुझ्या आईनं मला न विचारता देऊन टाकलं, असंच सांगेन.

एक गोष्ट मात्र तिला सांगणार नाही, फक्त तुला सांगते. त्या दिवशी नारळपाणी घेऊन वर आले तेव्हा तू मला विचारलं असतंस ना अक्का, तर मी हो म्हणाले असते.

तुझी धाकटी,
आणि ओवीची मावशी,
रेणू