एर्सिराआत्याच्या वह्या

वाल्दिव्हिया, ४ मार्च

ती. एर्सिराआत्यास यास्नाचा शि. सा. न. वि. वि.

आधी तुझा गुडघा कसा आहे ते विचारायला हवं, पण आज धीर नाही. आमच्या प्राध्यापक इतुर्राबाईंचा संशोधन-निधीचा अर्ज देशभरातून निवडलेल्या शेवटच्या सहांत आलाय. मंजूर झाला तर आठ जणांना पीएच.डी.साठी पाच वर्षं विद्यावेतन मिळेल. काम असं, की नोंदींचा अभ्यास करून बेटांवरची आरोग्यसेवा अशी बसवायची, की बोटींचं डिझेल कमी जळेल आणि तरी एकही रुग्ण मागे राहणार नाही. त्या आठांत बसायचं म्हणून मी चार वर्षं इथे मदतनीस म्हणून राबतेय.

अडचण एकच. समिती विचारतेय, बेटांवरची माहिती आहे कुठे? इस्पितळाच्या संगणकात पोचलेलेच रुग्ण आहेत. जे पोचले नाहीत त्यांची नोंद कुणाकडे? मी मोठ्या तोंडानं सांगून बसले, माझ्या आत्याकडे. काउकेल बेटावरच्या दवाखान्यात ती एकटी परिचारिका, सव्वीस वर्षं रोज लिहितेय, बोट कुणाला मिळाली आणि कुणाला नाही. मुलाखत २९ तारखेला आहे. मंगळवारच्या बोटीनं वह्या पाठव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
यास्ना

काउकेल, ११ मार्च

चि. यास्नास अ. आ.

गुडघा ठणकतो आहे, विचारलं नाहीस तरी सांगते. वह्या पाठवल्या नाहीत. रागावू नकोस, पुढे वाच.

त्या वह्यांत लोकांची दुखणी आहेत, कुणाकुणाची लाजही आहे. न विचारता दिल्या तर उद्या माझ्यासमोर बसून खरं कोण बोलेल? म्हणून ज्यांची नोंद आहे त्या सगळ्यांना रविवारी शाळेत बोलावलं. बटाट्याचे मिल्काओ तळले होते, त्यामुळे न बोलावलेलेही आले.

रुदेलिंदाबाईनं तोंड सोडलं, की मागे एक शहाणे आले, आमचं रक्त घेऊन गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. तुझी भाची वेगळी कशावरून?  तेवढ्यात बाल्दोमेरो उठला. म्हणाला, माझी बायको धक्क्यावर दोन दिवस बोटीची वाट बघता बघता वारली. ती धक्क्यावर आली त्याच्या आदल्याच दिवशी बोट औषधाचं एक खोकं टाकून रिकामीच परतली होती. हे कुठेतरी मोजलं जाऊ दे, आणि माझं नाव झाकू नका. मग कुणी वाद घातला नाही.

तीन अटी ठरल्या. बाकीच्यांची नावं झाकायची. जे सापडेल ते आधी इथे येऊन आमच्या भाषेत सांगायचं. आणि त्या आठांतल्या प्रत्येकानं तीन महिने माझ्या हाताखाली काढायचे. कबूल असेल तर कळव, वह्या मीच घेऊन येते.

तुझ्या यशासाठी मेणबत्ती लावून बसलेली,
आत्या

वाल्दिव्हिया, १७ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न.

मिळालं. आठही जागा मिळाल्या, आणि त्यांतली एक माझी. आज निकाल आला तेव्हा इतुर्राबाई जिन्यात बसून रडल्या. त्यांना सावरायला गेलेली मी त्यांच्याहून जास्त रडले.

सान्तियागोच्या मुलाखतीत तू दाराबाहेर वह्यांची पेटी मांडीवर घेऊन बसली होतीस, तेव्हा आत काय झालं ते आता सांगते. मी तुमच्या अटी वाचल्या. एका सभासदानं नाक मुरडलं, की बेटावर तीन महिने घालवले तर संशोधनाचा वेळ वाया जाईल. बाई शांतपणे म्हणाल्या, रुग्ण का पोचला नाही हे ज्याला धक्क्यावर उभं राहून बघायचं नाही, त्याला आम्ही घेणारच नाही. निकालपत्रात ही अट कौतुकानं छापली आहे. तुला आता मार्गदर्शक म्हणायचं आहे, कागदोपत्री.

तुझी पहिली विद्यार्थिनी,
यास्ना

काउकेल, २४ एप्रिल

चि. यास्नास उ. आ.

पत्र वाचलं आणि मला काय करावं सुचेना, म्हणून जाऊन चर्चची घंटा वाजवली. वेळ भलती, त्यामुळे कुणीतरी अत्यवस्थ आहे असं समजून अख्खं बेट धावत आलं. बाल्दोमेरोनं बायको गेल्यावर घेतलेली बोट सुरू केली, चौघे स्ट्रेचर घेऊन आले, रुदेलिंदा एका पायात बूट घालून. मी सांगितलं, सगळे बरे आहेत, पैसा मंजूर झाला. रुदेलिंदानं मला दोन शिव्या दिल्या आणि मिठी मारली.

मग त्या चौघांचं ठरलं, की आणलंच आहे तर स्ट्रेचर रिकामं कशाला न्यायचं. मी नको नको म्हणत असताना मला त्यावर बसवून घरापर्यंत मिरवत आणलं. सव्वीस वर्षांत त्या स्ट्रेचरवर हसत गेलेली मी पहिलीच.

वहीत तशी नोंद केली आहे.

तुझी आत्या