मागच्या सीटचं वजन

३ नोव्हेंबर, शुक्रवार. रहीमा, सौदी

शॉकअपची जोडी एकशेवीस रियालला पडली, असं मी तौकीरला सांगितलं. खरी किंमत अशी: दोन शुक्रवार, उजव्या अंगठ्याचं नख, लेथवर कातलेले चार बुश आणि विभावरीला फोनवर मारलेली ‘घर लावतोय’ ही थाप.

घर मात्र झकास आहे. अकरा वर्षं रियाधला, बत्हातल्या सहा जणांच्या खोलीत काढली. आता रास तनुऱ्याच्या रिफायनरीत सुपरवायझर, दोन खोल्या स्वतःच्या आणि खाली तौकीरचं गॅरेज. अकरा तारखेला बायको व्हिजिट व्हिसावर येतेय. तिला समुद्रावर गाडीनेच न्यायचं. पण माझी २००९ची मोटरसायकल मागून दगडासारखी, आणि विभाची कंबर दुखरी. म्हणून तशलीहमधून, म्हणजे इथल्या भंगारबाजारातून, एका ठोकलेल्या टूरिंग गाडीचे शॉकअप काढून आणले.

तौकीर मालेगावचा, जिभेला हाड नाही. म्हणाला, सदाभाऊ, शेळीला उंटाचे पाय लावताय. मी म्हटलं, चौदाव्या वर्षापासून सातपूरला स्प्रिंगांत वाढलोय. स्प्रिंग कुरकुरली की पाठमोरा उभा राहून बसणाऱ्याचं वजन सांगतो. तौकीर बसला. एकाहत्तर, मी म्हणालो. काट्यावर बहात्तर भरला. चहा त्याच्याकडून.

अरबीही मी अशी कानानेच शिकलो. तशलीहवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, दोन्ही ठीक ना? तो चेपलेल्या गाडीकडे बघत म्हणाला, वाहिद खलास, वाहिद बाकी. म्हणजे एकाचा हिशेब मिटला, एकाची बाकी. दुसऱ्याचे साठ लगेच त्याच्या हातावर ठेवले. बघतच राहिला.

५ नोव्हेंबर, रविवार

टेप लावून मापं घेतली. रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने बारा मिलिमीटर बसते, माझ्यासकट चाळीस. खड्ड्यांवरून लोण्यासारखी गेली. विभा खूश होणार.

७ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी ड्युटीवरून आलो, गाडी भिंतीला टेकवली, जिन्याकडे वळलो. मागे कुरकूर झाली. कोणीतरी बसावं तशी, सावकाश. मनात आकडासुद्धा आला: त्रेपन्न.

वळून पाहिलं, अंगणात कोणी नाही. टेप लावला. रिकामी गाडी एकतीसवर.

८ नोव्हेंबर, बुधवार

स्प्रिंग मेली असेल म्हणून जुने शॉकअप परत चढवले. दगडासारखे कडक, तरी बसलेले. तौकीर आता थट्टा करत नाही. त्याने सीटवर हात ठेवला आणि काढून घेतला. म्हणाला, गरम आहे. गाडी सकाळपासून सावलीत होती.

९ नोव्हेंबर, गुरुवार

तौकीरला घेऊन तशलीहला गेलो. त्याची अरबी माझ्यापेक्षा बरी. म्हाताऱ्याशी बराच वेळ बोलला, मग माझ्याकडे न बघता सांगितलं.

म्हातारा शॉकअपबद्दल बोलतच नव्हता. त्या गाडीवर दोघं होते. चालवणारा खलास. मागे बसलेला सापडला नाही. रास अल खैरच्या रस्त्यावर, विजेचे मनोरे वळतात तिथे, दोन दिवस शोधलं. बाकी म्हणजे उधारी नव्हे, सदाभाऊ. बाकी म्हणजे तो अजून आहे.

शॉकअप त्याच्यासमोर ठेवले. पैसे नकोत म्हटलं. त्याने पायाने माझ्याकडे सरकवले.

गाडी विकू? कोणाच्या गळ्यात घालू? आणि परवा विभा येईल, हौसेने त्याच सीटवर —

१० नोव्हेंबर, शुक्रवार

तेच शॉकअप परत चढवून सकाळीच निघालो. पाठीला कोणी टेकलं नाही, पण प्रत्येक खड्ड्यात मागे दोघांचं वजन. मनोऱ्यांपाशी थांबलो. हात जोडले. मराठीत, हिंदीत, येईल त्या अरबीत सांगितलं: बाबा, तुझी जागा आली. उतर. माझी बायको येतेय.

कुरकूर.

टेप लावला. बारा. बारा! रस्त्यावर बसून रडलो. मग उठलो, किक मारली, आणि तोंडातून सवयीने निघालं, यल्ला!

घरी आल्यावर पाणी पिताना आठवलं, तिथे मी काय बोललो. यल्ला म्हणजे चल.

पुन्हा मोजलं. बाराच. बाराच आहे.

११ नोव्हेंबर, शनिवार

विभा आली. दमामहून तौकीरच्या पिकअपमधून आणली. गाडी दाखव म्हणाली. पंक्चर आहे म्हटलं. हसली — घर लावतोय म्हणे, आणि लावलंय काय, तर गाडी! आता आत चहा टाकतेय. सकाळचे अकरा. खिडकी उघडी.

गाडी बारावर. आत्ताच पाहून आलो.

मी पलंगावर बसून लिहितोय. माझ्या शेजारी, तिच्या बाजूची गादी — खाली — चार बोटं —

स्प्रिंगची गादी आहे. नवी. मी बसलो तेव्हा कुरकुरली होती.

विभा कप घेऊन येतेय. इथेच बसेल. ओरडायला हवं —

कधी बसला? मला ऐकूच आलं नाही