आधी हात धुवा

आत्याबाई, तुमच्या पायांवर डोकं ठेवून अंकिता लिहितेय.

हे जेवतात, बोलतात, काळजी करू नका. फोनवर बोलताना हे शेजारीच असतात, सगळं सांगता येत नाही. म्हणून जोतीरामभाऊजींच्या हाती ही चिठ्ठी देतेय.

ऑपरेशनात ह्यांच्या पायाचं हाड नीट बसलंय, पण टाक्यांतला पू थांबत नव्हता. भारीतली इंजेक्शनं चालू असून ताप हटेना. मला वाटलं, औषधच खोटं देतात. मग बघितलं, तर शेजारच्या दोन्ही खाटांवरच्या माणसांनाही तसाच पू. आले तेव्हा त्यांच्या जखमा कोरड्या होत्या.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे हितंच लागलं की काय?" त्या म्हणाल्या, "हो. हे जंतू दवाखान्यातलेच, नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. एकाच्या जखमेवरून हातांनी दुसऱ्याकडे जातात. आता उरलेलं शेवटचं औषध सुरू केलंय."

वॉर्डातल्या नळाला फक्त सकाळी पाणी असतं. म्हणून मी भरलेली बादली अन् साबण खाटेजवळच ठेवलाय. ड्रेसिंगला येईल त्याला म्हणते, "आधी हात धुवा की." काल मोठ्या डॉक्टरांनाही अडवलं. ते रागावले, पण त्यांनी धुतले.

सिस्टर म्हणतात, ताप उतरतोय. त्यांच्या बोलण्यावर न जाता मी कपाळाला हात लावून बघते. आज खरंच कमी लागला.

ओवी रात्री रडते का? तिला भेटायला आणू नका. माझ्या हातांवरही आता माझा भरवसा नाही. घरी आले की आधी न्हाईन, मगच तिला उचलीन.

तुमची सून,
अंकिता